डिफ-लॉकचं बटण चालकाला समजावून द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की बायपासच्या कडेला रुतलेले ट्रक आणि त्यांच्यामागे तुंबलेली वाहतूक यांचे फोटो छापून येतात. दोष रस्त्याला दिला जातो, आणि तो असतोही. पण देवास नाक्याजवळच्या गॅरेजात ३२ वर्षं ट्रकची हाउसिंग (मागच्या चाकांमधली गिअरची पेटी) उघडल्यावर मला आणखी एक कारण दिसतं. चिखलातून सुटायचं बटण, म्हणजे डिफरन्शियल लॉक किंवा डिफ-लॉक, गाडीतच असतं, फक्त ते चालकाला कुणी समजावून दिलेलं नसतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. एका नव्या कॉलनीच्या कामावर गिट्टीने भरलेला दहाचाकी डंपर मुरमाच्या रस्त्यावरून डाव्या अंगाला काळ्या मातीत उतरला. माळव्याची काळी माती भिजली की कशी होते ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. डावी चाकं जागच्या जागी गरगरत होती आणि उजवी, मुरमावर कोरडी उभी असूनही, तसूभर हलत नव्हती. चालक विशीतला पोरगा. तो रेस वाढवतोय, क्लीनर टायरखाली बारदान कोंबतोय आणि खड्डा खोल होतोय. मी त्याला थांबवून केबिनमध्ये चढलो. डॅशबोर्डवर लॉकची दोन बटणं, त्यांच्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. पोरगा म्हणाला, "उस्तादजी, सेठ ने इसको हाथ लगाने से मना किया है."

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला गिअरांचा संच, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. चिखलात नेमकं तेच आड येतं. घसरणारं चाक जेवढा जोर घेतं तेवढाच पकड असलेल्या चाकाला मिळतो, मग रेस कितीही द्या. लॉक टाकला की दोन्ही बाजू एकत्र बांधल्या जातात. मी चाकं पूर्ण थांबवायला लावली. आधी मागचे दोन्ही एक्सल (चाकं फिरवणारे आडवे दांडे) जोडणारं बटण दाबलं, मग डाव्या-उजव्या चाकांचं. लॉक बसल्याचा दिवा लागल्यावर पहिल्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडायला सांगितलं. डंपर सरळ वर आला, क्रेन लागली नाही.

सेठचीही भीती खोटी नव्हे. चाक गरगरत असताना लॉक टाकला तर आतले दाते उडतात. बाहेर आल्यावर काढायचा राहिला तर पक्क्या रस्त्यावर टायर झिजतात, एक्सलला पीळ बसतो आणि वळणावर गाडी सरळच जायला बघते. असाच तुटलेला एक्सल घेऊन एक चालक माझ्याकडे आला होता. मालकाने त्याच्या पगारातून पैसे कापले. गाडीचं मॅन्युअल इंग्रजीत होतं आणि सीलबंद. ते पैसे कापणं मला आजही अन्याय वाटतं.

नव्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल आलंय. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाक घसरतंय हे ओळखून ते त्या चाकाला ब्रेक लावतं, इंजिनाचा जोरही कमी करतं. ओल्या डांबरी रस्त्यावर ते फार उपयोगी. खोल चिखलात मात्र जोर हवा असतानाच तो कमी होतो, म्हणून काही गाड्यांत ते सौम्य करायचं बटण दिलेलं असतं. हे ठाऊक नसलेले चालक "पिकअप गया" म्हणून गॅरेजात येतात आणि चांगल्या इंजिनावर खर्च करून जातात.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, चांगलं झालं. त्याच केबिनमध्ये लॉकच्या बटणांशेजारी हिंदीत चित्रासह स्टिकर लावायला किती खर्च येणार? गाडी ताब्यात देताना मालकासोबत चालकालाही बोलवावं आणि अर्धा तास कच्च्या जमिनीवर लॉक टाकून-काढून दाखवावा. शेजारी पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, तिथे गाड्यांची परीक्षा होते. चालकांसाठी महिन्यातून एक दिवस ओल्या, निसरड्या जागेवरचा सराव तिथे सुरू करता येईल का, याचा विचार प्रशासनाने आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी करावा. शिकवायला माणूस हवा असेल तर मी विनामोबदला यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक,
राजेंद्रनगर, इंदूर