लडाखच्या जाहिरातीत मुक्कामाची उंची छापा

महोदय,

उन्हाळी सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांत लडाखच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. दर, दिवस, विमान कुठून सुटणार, जेवणात पोळी-भाजी मिळणार का, सगळं त्यात असतं. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं आहे, हे नसतं. मग घरात ‘ग्रुप टूरने जायचं की आपलं आपण’ हा वाद निव्वळ दराच्या आकड्यावर रंगतो. केरळ किंवा राजस्थानसाठी तसा हिशेब चालेल. लडाखसाठी आधी मुक्कामांच्या उंचीची यादी करावी आणि मगच दर बघावा.

लेह शहर साधारण ३,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे. दिल्लीहून विमान दीड तासात तिथे पोचवतं. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश असतो, खारदुंग ला खिंडीत (५,३५९ मीटर) जेमतेम निम्मा. शरीराला याची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतातच. रोज सिंहगड चढणाऱ्या माणसालाही यातून सूट नाही. उलट आपला दम चांगला आहे या भरवशावर तो पहिल्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला निघतो आणि रात्रभर डोकं धरून बसतो.

उंचीवरच्या आजाराचे डॉक्टर एक साधा नियम सांगतात: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा खिंड ओलांडून रात्री खाली उतरलं तर तेवढं अडत नाही. हा नियम हाताशी ठेवून नेहमीचा कार्यक्रम तपासा. लेहमध्ये दोन रात्री, मग खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोरं. तिथली दिस्कित-हुंदर ही गावं ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा खालीच आहेत, त्यामुळे इथपर्यंत क्रम उत्तम. पुढच्या दिवशी श्योक नदीच्या रस्त्याने थेट पँगाँग तलाव, मुक्काम ४,२५० मीटरवर. एका दिवसात अकराशे मीटरची उडी झाली. बहुतेकांची सहल बिघडते ती याच रात्री: तंबूत थंडी, झोप नाही, डोकेदुखी, उलट्या आणि मोबाइलला नेटवर्कचा भरवसा नाही.

ही उडी निदान कमी करण्याचा उपाय आहे. पँगाँगच्या अलीकडे तांगत्से गाव सुमारे ३,९०० मीटरवर आहे. तिथे झोपून सकाळी तलावावर जायचं, दुपारपर्यंत थांबायचं आणि चांग ला खिंडीमार्गे लेहला परतायचं. तलावाचे रंग दिवसाच दिसतात, त्यामुळे पाहण्यात फार काही हुकत नाही. पण ‘तलावकाठी कॅम्प’ हे शब्द जाहिरातीत खपतात, तांगत्से खपत नाही. म्हणून ग्रुप टूरमध्ये हा मुक्काम सहसा आढळत नाही. आपलं आपण जाण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. पैसे वाचतीलच असं नाही, थांबायची मुभा मात्र हातात राहते.

त्याहून वाईट कार्यक्रमही विकले जातात. सकाळी लेहला उतरवून दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला दाखवायचा, किंवा चार रात्रींत नुब्रा आणि पँगाँग दोन्ही उरकायचं. ‘५ दिवस ४ रात्री’ यात पहिला दिवस विश्रांतीचा असतो आणि शेवटच्या दिवशी पहाटे विमानतळ गाठायचा असतो, म्हणजे हातात तीनच दिवस. असा कार्यक्रम कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

रस्त्याने जाणाऱ्यांनी श्रीनगरकडून चढावं. श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल २,६७६, मग लेह. शरीर वाटेतच रुळत जातं. मनालीकडून जाताना अनेक जण सरचूला मुक्काम करतात. ते जवळपास ४,३०० मीटरवर आहे आणि आदली रात्र मनालीत, २,०५० मीटरवर काढलेली असते. परतताना मनालीकडे उतरायला हरकत नाही.

ग्रुप टूरची बाजूही नीट सांगायला हवी. लेहमध्ये टॅक्सीचं भाडं युनियनच्या दरपत्रकाप्रमाणे आणि पूर्ण गाडीवर लागतं, माणशी नाही. बाहेरच्या राज्यातली भाड्याची गाडी स्थानिक फिरण्याला चालत नाही, मनालीहून भाड्याने आणलेली मोटरसायकलही नाही. त्यामुळे पाच-सहा जणांच्या कुटुंबाला स्वतः गाडी ठरवणं परवडतं, दोघांना तीच गाडी महाग पडते. दोघांनी लेहच्या बाजारात ट्रॅव्हल एजंटांच्या फलकांवर ‘पँगाँगसाठी दोन जागा’ अशा चिठ्ठ्या शोधाव्यात, नाही तर सरळ ग्रुप टूर घ्यावी. भाषेची अडचण असलेले, एकटे किंवा पहिल्यांदाच घराबाहेर पडणारे ज्येष्ठ यांच्यासाठी चांगला टूर मॅनेजर लाखमोलाचा असतो. परवाने, पर्यावरण शुल्क, गाडी बंद पडली तर दुसरी मागवणं, हे सगळं तो बघतो.

पण त्याच्या हातातही एक गोष्ट नसते. तीस जणांतला एक आजारी पडला तर तो कोणाबरोबर थांबणार? म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी कंपनीला लेखी विचारावं: मला खाली न्यावं लागलं तर वेगळी गाडी मिळेल का, सोबत कोण येईल, खर्च कोणाचा, आणि उरलेल्या मुक्कामांचे पैसे परत मिळतील का? ज्या कंपनीने यावर आधी विचार केला आहे, ती पाच मिनिटांत उत्तर देते. ‘आमच्याकडे ऑक्सिजन असतो’ एवढंच ऐकायला मिळालं तर सावध व्हावं. दुकानात मिळणारा हातातला डबा काही मिनिटांत संपतो आणि मोठा सिलिंडरही उतरणीला पर्याय नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलणं विस्कळीत झालं असेल, तर सकाळची वाट न बघता खाली आणायचं. पँगाँगहून लेहला आणायचं तर नेहमीच्या रस्त्याने आधी चांग ला, तोही ५,३०० मीटरच्या वर, चढून जावं लागतं. म्हणून तिथे पोचण्याआधीच तब्येत ठीक असणं इतकं महत्त्वाचं आहे. लेहमध्ये सोनम नोर्बू मेमोरियल रुग्णालय आहे आणि तिथल्या डॉक्टरांना हा आजार रोजचा आहे.

उंचीवरचा आजार टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड हे औषध डॉक्टर सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं. ‘शेजाऱ्यांनी घेतली होती’ म्हणून गोळी घेऊ नये. पहिले ४८ तास दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. ऑक्सिमीटरवर लेहच्या पहिल्या दिवशी नव्वदच्या खालचा आकडा निरोगी माणसातही दिसतो, तेव्हा आकड्यापेक्षा लक्षणांकडे लक्ष द्यावं.

स्वतः आखणी करणाऱ्यांच्या चुका बहुतेक तिकिटांत होतात. मुंबई-दिल्ली आणि दिल्ली-लेह ही तिकिटं वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरं बुडतं आणि कोणी जबाबदार राहत नाही. दोन्ही एकाच पीएनआरवर हवीत. लेहची बरीचशी उड्डाणं सकाळीच असतात, कारण दुपारी वारा वाढतो आणि तापलेल्या विरळ हवेत विमानाला जड भार घेऊन उठता येत नाही. हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर विमान कंपनी दुसरं विमान किंवा पैसे परत देते. नुकसानभरपाई मिळत नाही आणि हॉटेलच्या जादा रात्रीचा खर्च आपल्यावर येतो. परतीनंतर लगेच ऑफिस किंवा परीक्षा ठेवू नये, एक दिवस मोकळा सोडावा. जुलै-ऑगस्टमध्ये श्योकच्या रस्त्यावर दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून नुब्राहून पँगाँगला निघायचं ते पहाटेच. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत. घरात एक तरी पोस्टपेड असावं.

या दोन टोकांमध्ये तिसरा मार्गही आहे आणि मला तो बऱ्याच कुटुंबांसाठी योग्य वाटतो. अनेक कंपन्या ‘जॉइनिंग-लीव्हिंग’ दर देतात, म्हणजे विमान आपलं, पुढचं त्यांचं. असं घेऊन टूर सुरू होण्याआधी दोन रात्री स्वतःच्या खर्चाने लेहमध्ये राहावं. ग्रुप येईल तेव्हा आपण रुळलेले असतो. मात्र कंपनीने दिलेली पावती आणि कार्यक्रम नीट जपावा. ठरलेलं हॉटेल किंवा मुक्काम न कळवता बदलला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी बिघडत नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. सहलीच्या जाहिराती स्वीकारताना प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची छापण्याचा आग्रह आपल्या वृत्तपत्राने धरावा: लेह ३,५००, लेह ३,५००, हुंदर ३,१००, पँगाँग ४,२५०, अशी एक ओळ दराखाली सहज मावते. पर्यटन पुरवणीतल्या लेखांनाही तीच अट लावावी. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे आणि स्पितीतलं काझा त्याहून थोडं वर. तिथे जाणाऱ्यांत मराठी ज्येष्ठ नागरिक कमी नसतात, त्यामुळे त्या जाहिरातींतही ही ओळ हवी.

— एक वाचक, पुणे