वरणाला पाणी किती

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आई एवढंच म्हणाली, "डबा का बंद केलास?" आणि फोन बाबांच्या हातात दिला. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये.

हो, डबा मी बंद केला, आणि तुम्हाला न विचारता केला. बारा दिवस तिथे होते, तेव्हा रोज बघत होते. भाजीवर तेलाचा तवंग, आमटी खारट, आणि बाबांची प्रेशरची गोळी तर मागच्याच महिन्यात वाढलेली. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. त्यात पुन्हा तुमचं लोणचं. शिवाय अर्धा डबा तसाच उरायचा आणि आई तो गाईला घालायला लावायची. मला दिसत होतं गं सगळं.

मी अजून राहायला हवं होतं. रजा संपली होती, चिनूची परीक्षा तोंडावर होती, आणि आईच्या हाताचं प्लास्टर निघायला अजून महिना आहे. ही कारणं खरी आहेत, तरी राणी चेन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसले तेव्हा एकही पुरेसं वाटलं नाही. मिरजेच्या फलाटावर बाबांनी खिडकीतून विचारलं, "वरणाला पाणी किती घालतात गं?" तेवढ्यात गाडी हलली. ते उत्तर रात्रभर माझ्याजवळ राहिलं. ते आज देते.

बाबा, दोघांना अर्धी वाटी तूरडाळ पुरते. दोन-तीनदा धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. तिला दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग, आणि उतू जाऊ नये म्हणून चार थेंब तेल. वरच्या डब्यात एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. कुकरच्या तळाला वेगळं दोन वाट्या पाणी घालायचं, ते विसरलात तर कुकर जळेल. चार शिट्ट्या झाल्या की बंद करा, आणि वाफ आपणहून जाईपर्यंत झाकणाला हात लावू नका. मीठ डाळ घोटल्यावर घाला आणि निम्मंच घाला, वरून लिंबू पिळलं की कमी वाटत नाही. आईच्या भातावर तूप सोडा. ती नको म्हणेल, तरी सोडा.

रात्रीला पिठलं. अर्धी वाटी बेसन दोन वाट्या गार पाण्यात आधीच कालवून घ्यायचं. गरम पाण्यात पीठ टाकलं की गाठी होतात, मग कितीही ढवळा. कांदा, लसूण, मिरची फोडणीत परतून त्यात हे ओता, उकळी येईपर्यंत ढवळत राहा, मग झाकण ठेवून बारीक आचेवर पाच मिनिटं. रविवारी अर्धा किलो रवा एकदम खमंग भाजून, पूर्ण गार करून बरणीत भरा. मग सकाळी उपम्याला एक वाटी रव्याला अडीच वाट्या उकळतं पाणी, दहा मिनिटांत होतो.

आईला रोज अकरा वाजता आंबील द्या. दोन चमचे नाचणीचं पीठ थोड्या गार पाण्यात कालवून पेलाभर उकळत्या पाण्यात सोडायचं, शिजलं की कोमट करून ताक घालायचं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हाडाला ते हवंच आहे. आई, तोंड वाकडं करू नकोस. गोवर झाला होता तेव्हा तू मला मांडीवर घेऊन चमच्याचमच्यानं हेच पाजलं होतंस.

इंडक्शन मी मागवलंय, गुरुवारपर्यंत येईल. गॅस दोनदा चालू राहिला होता, त्याचा मी पुन्हा उल्लेख करणार नाही. आपले ॲल्युमिनियमचे टोप त्यावर चालत नाहीत. फ्रिजवरचा लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा, घट्ट चिकटला तरच ते भांडं घ्या.

आता जे सांगायला मी कचरतेय ते. सोमवारपासून सकाळी नऊला एक बाई येतील. पोळ्या करतील, भाजी चिरून ठेवतील, बस्स. दोन महिन्यांचे पैसे मी दिलेत. आई, स्वयंपाकघर तुझंच आहे. मिसळणाचा डबा जिथे आहे तिथेच राहील, असं मी त्यांना बजावलंय. पण पोळी लाटायला दोन हात लागतात, आणि बाबांना या वयात कणीक मळायला लावणं मला बरं वाटत नाही. तू खुर्ची घेऊन दारात बस आणि सांग. चाळीस वर्षं तू उभी होतीस.

बाबा, दिवाळीत नानकटाईचे पत्रे भट्टीवर नेत होतो, आठवतं? दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, आईचं प्रमाण कधी हललं नाही. पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी, मी सायकलच्या दांडीवर, आणि परत येताना मांडीवर गरम डबा. तो वास मला इथल्या कुठल्याच बेकरीत मिळालेला नाही.

आईच्या वाढदिवसाला तुम्ही रव्याचा केक करा. एक वाटी बारीक रवा, एक वाटी दही, पाऊण वाटी साखर, पाव वाटी तेल, अर्धी वाटी दूध. कालवून अर्धा तास झाकून ठेवा. शेवटी चमचाभर बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून लगेच तूप लावलेल्या डब्यात ओता. वाळूचा डबा माळ्यावर आहे, पण तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. त्याच स्टुलानं आईचा हात मोडलाय. वाळूऐवजी जाड बुडाच्या कढईत जाडं मीठ पसरा, वर स्टँड, झाकण, दहा मिनिटं तापवा, मग डबा ठेवून बारीक आचेवर चाळीस मिनिटं. हे मात्र गॅसवरच, आणि ओट्यापासून हलायचं नाही. सुरी घालून कोरडी निघाली की झाला.

रात्री आईच्या प्लास्टरखाली उशी द्या. शनिवारी आठला व्हिडिओ कॉल करते, पिठलं कसंही झालं असलं तरी दाखवा.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, त्या बाईंना तुझ्या भाजणीचं प्रमाण सांगू नकोस. आधी बाबांकडून लिहवून मला पाठव.