पर्जन्यमापकांच्या फाईली जोडणाऱ्या स्क्रिप्टबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : ‘डेटा एकत्रीकरण’ स्क्रिप्टमुळे पावसाचा तक्ता चुकल्याबाबत

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत आमच्या संस्थेने तुमची स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली आहेत. यंत्रांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबत दिलेल्या आणि कोटेशनमध्ये वेगळी किंमत लावलेल्या स्क्रिप्टबद्दल, म्हणजे छोट्या संगणक प्रोग्रॅमबद्दल.

प्रत्येक यंत्र रोज सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस आपल्या टेक्स्ट फाईलमध्ये एका ओळीत लिहितं : तारीख आणि मिलिमीटर. या बारा फाईली शेजारी शेजारी लावून एक तक्ता करायचा, एवढंच स्क्रिप्टचं काम. यंदाच्या तक्त्यात धो धो पावसाच्या गगनबावड्याचा पाऊस कमी पावसाच्या शिरोळच्या रकान्यात पडला आहे आणि तसाच कमी पावसाच्या हातकणंगल्याचा गगनबावड्याच्या. जिल्ह्यातलं शाळकरी पोरही हा तक्ता बघून हसेल.

स्क्रिप्ट उघडून पाहिली. शीर्षकाची ओळ आणि पहिली सोडून बाकी फाईलींतल्या तारखा गाळणं वगळलं तर आत फक्त ‘पेस्ट’ ही फाईली शेजारी शेजारी चिकटवणारी कमांड आहे, जी कुठल्याही लिनक्स मशीनवर फुकट असते. फाईलींची नावं केंद्र१ ते केंद्र१२. संगणक ती अक्षरक्रमाने घेतो, म्हणजे १ नंतर १०, ११, १२ आणि मग २. शीर्षकं मात्र तुम्ही १, २, ३ अशी हाताने टाकलेली. नावं ०१, ०२ अशी ठेवली असती तरी हा घोळ टळला असता.

दुसरा दोष याहून वाईट, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. जुलैत राधानगरीच्या यंत्राची बॅटरी संपली आणि तीन दिवसांच्या नोंदी झाल्या नाहीत. जून ते सप्टेंबर इतर फाईलींत १२२ ओळी, राधानगरीच्या फाईलीत ११९. ‘पेस्ट’ तारीख बघत नाही, ओळीला ओळ चिकटवते. त्यामुळे बॅटरी बदलल्यानंतरचा राधानगरीचा सगळा पाऊस तीन दिवस आधीच्या तारखांवर सरकला आणि रिकामे रकाने आले ते सप्टेंबरच्या शेवटी. तारखेचा रकाना पहिल्या फाईलीतूनच घेतलेला, त्यामुळे तक्ता बघून शंकाही येत नाही. कसलीही सूचना न देता स्क्रिप्टने काम ‘यशस्वी’ झाल्याचं कळवलं.

तुमच्या तंत्रज्ञांनी फोनवर ‘जॉइन’ ही सारख्या रकान्यावरून (इथे तारखेवरून) ओळी जुळवणारी कमांड वापरायला सांगितलं. ती एका वेळी दोनच फाईली घेते, जोडीला ओळ नसेल तर वेगळं सांगितल्याशिवाय ती गाळून टाकते, आणि फाईलींतल्या ओळी अक्षरक्रमाने लावलेल्या लागतात. तुमचं यंत्र तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितं, म्हणजे क्रम लावला की १ जूननंतर १ जुलै येतो. हे निस्तरणं ग्राहकाचं काम आहे का?

तारखेवरून जुळणी करणारी, नोंद नसेल तिथे रकाना रिकामा ठेवणारी आणि ओळींची संख्या जुळली नाही तर तसं सांगणारी स्क्रिप्ट विनामूल्य द्यावी. यंदाचा पूर्ण तक्ता तिच्यातून पुन्हा काढून द्यावा. बाराही मूळ फाईली आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. हे होईपर्यंत वार्षिक देखभालीचा हप्ता आम्ही रोखून धरला आहे.

आपला,
नोंदणी विभाग
(सही)