जायचे नाही, हे आबांना सांगायचे आहे

पुणे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आबा तुला रंकाळ्यावर भेटले आणि "त्याला जरा समजाव, वय निघून चाललंय," असे म्हणाले, हे तू कळवलेस ते बरे केलेस. त्या वाक्यामागे एक तक्ता आहे. कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या अर्जात वयाचे गुण असतात; २० ते २९ या वयात ते सर्वाधिक मिळतात, तिशीपासून घटत जातात आणि पंचेचाळिशीला शून्यावर येतात. टोरांटोच्या मामेभावाने तो तक्ता आबांना पाठवल्यापासून माझ्या वाढदिवसाच्या फोनवरही तोच विषय निघतो. त्यातच कॅनडाने कायम वास्तव्य देण्याचे उद्दिष्ट २०२४ च्या ४ लाख ८५ हजारांवरून २०२५ साठी ३ लाख ९५ हजारांवर आणले, तेव्हापासून घरची घाई आणखी वाढली. इंग्रजीची परीक्षा तरी देऊन ठेव, असे ताई म्हणते. आई काही बोलत नाही, आणि तेच मला जास्त जड जाते.

आबांचे म्हणणे मी हलके मानत नाही. आजोबा राधानगरीकडचे गाव सोडून कोल्हापूरच्या बोर्डिंगात शिकायला आले म्हणून आपले घर उभे राहिले, मी पुण्याला गेलो म्हणून नोकरी मिळाली, आता पुढचे पाऊल टाकायला का कचरतोस, असे ते विचारतात. परंतु शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगे काढली ती ज्यांना शिक्षणाची दारे बंद होती त्यांच्या मुलांसाठी, आणि आजोबांना खरोखरच दुसरा मार्ग नव्हता. माझ्यावर तशी कोणती वेळ आली आहे? भावकीत तिघांची मुले परदेशी आहेत आणि आपला मुलगा मागे राहिला, ही सल आबांच्या मनात आहे, असे मला वाटते.

कोल्हापूर सोडून काय गमावले, हे तुझ्याइतके कुणाला कळणार? गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गवळी आपल्यासमोर म्हशीची धार काढायचा, ग्लास भरला की फेस कडेवरून बोटांवर उतरायचा आणि त्या कोमट दुधाला वैरणीचा वास असायचा. तू आधी फेस फुंकून बाजूला सारायचास आणि मी तो मिशीसारखा ओठावर घेऊन घरी जायचो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की तू शिवाजी तरुण मंडळाचा आणि मी पाटाकडील तालमीचा, त्यामुळे एरवी एका ताटात जेवणारे आपण शेवटची शिट्टी वाजेपर्यंत एकमेकांशी बोलत नसू. आजही शुक्रवार पेठेतून चालत निघालो की कुणीतरी ओट्यावरून "आबांचा थोरला न्हवं?" असे विचारतेच. पुण्यातले शेजारी सज्जन आहेत, पण मी कुणाचा, हे इथे कुणाला ठाऊक नाही.

आणि २०१९ चा ऑगस्ट मी विसरू शकत नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला, आबा-आई माडीवर अडकले, आणि मी सुमारे २३० किलोमीटरवर बसून तासातासाला पातळीचे आकडे पाहत होतो. त्यांना नावेतून बाहेर काढलेस तू आणि तालमीच्या पोरांनी. आईच्या गोळ्यांची पिशवी तू डोक्यावर धरून आणलीस, हे ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पुण्याहून मला पोहोचता आले नाही, मग टोरांटोहून काय पोहोचणार? आबा म्हणतात, आमची काळजी करू नकोस. ती करू नये, असे मला कुणीही सांगू नये.

सौभाग्यवतीशी सविस्तर बोललो आहे; तिलाही जायचे नाही. माझ्या कामाच्या संधी कोल्हापुरात आज नाहीत, म्हणून पुण्यातच राहावे लागेल, परंतु रात्री फोन आला तर सकाळी दारात उभे राहता येईल इतके अंतर मला पुरे आहे. ते मी आणखी वाढवणार नाही.

पुढच्या महिन्यात येऊन मी हे आबांना समोर बसून सांगणार आहे. त्या वेळी तू घरी हवास. ते माझ्यावर चिडतील, पण तुझ्यासमोर शेवटपर्यंत ऐकून घेतील. तोवर रंकाळ्यावर पुन्हा भेट झाली, तर माझ्या वतीने कशालाही होकार देऊ नकोस.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझाच