स्विमिंग पुलातली म्हैस

पुणे, २ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, तुझंच बरोबर होतं. हॉटेलच्या स्विमिंग पुलात म्हैस नसते.

शिऱ्याच्या बायकोने स्टेटसला टाकलेला फोटो दापोलीच्या मावशीने बघायचा, तिने तो तुला पाठवायचा आणि तू तो बोटांनी मोठा करून माझ्या खांद्यामागची शिंगं शोधून काढायची, हे सगळं दोन तासांत उरकेल असं मला वाटलं नव्हतं. फोनवर मी घाबरून 'हॉटेलचा पूल आहे' म्हणालो. 'एवढा गढूळ?' असं तू विचारलंस, आणि मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. वय वर्षं सत्तेचाळीस.

आता खरं सांगतो. पत्रातूनच सांगतो, कारण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला 'अरे देवा' म्हणतेस आणि बाबांना फोनवर ऐकू येत नाही, कानाचं यंत्र कपाटात असतं. बाबा, हे आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं गाळू नका, मी नंतर विचारणार आहे.

आम्ही चौघं थायलंडला गेलो हे खरं. हॉटेलात राहिलो हेही खरं, पण पहिले तीनच दिवस. पुढे चियांग खाँग नावाच्या गावाहून नदीपलीकडे लाओसमध्ये गेलो आणि हुआय साय ते लुआंग प्रबांग असे दोन दिवस, साधारण तीनशे किलोमीटर, लाकडी बोटीतून मेकाँग नदीने प्रवास केला. हो, बोटीने. आई, पाणी पी आणि मग पुढे ऐक.

कल्पना मन्याची. मन्या म्हणजे आपल्याकडे गणपतीला आला होता आणि आरत्यांचा क्रम चुकतोय असं ज्याने भटजींना सांगितलं, तो. त्याने महिनाभर आधी तक्ता केला होता. त्यात 'दुपारी ३ ते ४ : निसर्ग पाहणे' असा रकाना होता. बोट दुपारच्या आसपास सुटणार होती, तरी चांगली जागा मिळावी म्हणून त्याने आम्हाला सकाळी साडेसातला धक्क्यावर नेऊन बसवलं. तिथे आम्ही चौघं, दोन कुत्री आणि झाडू मारणारी एक बाई.

बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. थायलंडात गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात आणि लाओसमध्ये उजवीकडून. मध्ये २०१३ साली सुरू झालेला पूल आहे. त्याच्या एका टोकाला सिग्नल आहे, तिथे रस्ते एकमेकांना कापून बाजू बदलतात. आमच्या बसच्या ड्रायव्हरने ते वळण एका हाताने घेतलं, दुसऱ्या हातात सरबताची पिशवी होती. तुम्ही असता तर उतरून त्याच्याशी बोलला असता.

पलीकडे पैसे बदलले. आपल्या चार हजारांचे तिथे दहा लाख किप येतात. शिऱ्या जन्मात पहिल्यांदा लखपती झाला आणि दोन जेवणांत पूर्ववत झाला.

बोट म्हणजे तीन एसट्या एकीमागे एक जोडल्यासारखी, लांबलचक आणि चिंचोळी. वर छप्पर, बाजू उघड्या. चढताना चपला काढून पिशवीत घालायच्या, देवळात शिरल्यासारख्या. आणि खुर्च्या? जुन्या मिनीव्हॅनमधल्या उपसलेल्या सीटा, नुसत्या फळ्यांवर ठेवलेल्या. बोल्ट नाही, काही नाही. बाबा, तुम्ही ही बोट डेपोतून बाहेर पडू दिली नसती. शिऱ्याने सगळ्यात मऊ सीट पकडली, ऐसपैस टेकला आणि पाय वर करून मागच्या जर्मन माणसाच्या मांडीवर गेला. तो माणूस काही बोलला नाही. त्याने पुस्तक बाजूला ठेवलं, सीट शिऱ्यासकट उचलून सरळ केली आणि पुन्हा वाचायला लागला. असं दिवसभरात चार वेळा झालं. संध्याकाळी दोघं एकाच पुड्यातून शेंगदाणे खात होते.

मधूनमधून स्पीडबोटी जातात. होडीएवढ्या अरुंद, त्यात माणसं हेल्मेट घालून, गुडघे छातीशी घेऊन बसलेली. आम्हाला जे अंतर कापायला दोन दिवस लागले ते त्या एका दिवसात कापतात. आई, मी त्यात बसलो नाही, एवढं तरी लक्षात घे.

नदी थंड आणि मातकट. जानेवारीत पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे काळे कातळ वर आलेले आणि त्यांच्या मधून वाट. काठाला पांढऱ्या वाळूचे पट्टे, त्यावर भुईमुगाचे वाफे आणि म्हशी. तुला सापडली ती त्यांतलीच. गावांना धक्का वगैरे नाही, बोट सरळ नाक वाळूत खुपसते, एक फळी टाकतात, की माणसं, तांदळाची पोती, एकदा तर एक मोटारसायकल वर चढते. त्या देशाला समुद्र नाही. जे काही आहे ते या नदीकडूनच. नदीला तिकडे 'मे नाम' म्हणतात. मे म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी.

अशाच एका गावी एक म्हातारी चढली आणि पक्याशेजारी बसली. पक्या तुम्हाला माहीतच आहे, कांद्याच्या भजीचं तेल कशाचं म्हणून विचारणारा. लाओसमध्ये पाडेक नावाचा प्रकार आहे, मडक्यात मुरवलेले मासे, आणि तो जवळजवळ प्रत्येक पदार्थात घालतात, त्यामुळे पक्या दोन दिवस केळी आणि आईचे बेसनाचे लाडू यांवर होता. म्हातारीकडे प्लास्टिकच्या विणलेल्या पिशवीत एक कोंबडी होती. पाय बांबूच्या बंदाने बांधलेले, डोकं तेवढं बाहेर, तांबूस मान, एका डोळ्याने सगळ्यांकडे संशयाने बघणारी. म्हातारीने आपलं बोचकं सावरण्यापुरती ती पक्याच्या मांडीवर ठेवली आणि झोपून गेली.

पक्या पहिली दहा मिनिटं श्वाससुद्धा घेत नव्हता. मग कोंबडीला वारा लागतोय म्हणून त्याने पिशवीवर रुमाल घातला. तासाभराने तो तिच्याशी मराठीत बोलत होता. 'थांब हां, आलंच तुझं गाव.' मन्याने तक्त्यात वेळ नोंदवून ठेवली आहे : एक तास पन्नास मिनिटं.

म्हातारी उठली तेव्हा तिने टोपलीतला चिकट भात काढला, हाताने गोळा केला आणि पक्याच्या हातावर ठेवला. तिच्या मनगटाला पांढऱ्या दोऱ्यांची जुडीच होती. बोटीवरच्या पोऱ्याला थोडं इंग्रजी येत होतं, त्याने समजावलं. कुणी प्रवासाहून आलं, कुणाकडे बाळ झालं, कुणी दुखण्यातून उठलं की असे दोरे बांधतात. माणसाच्या अंगात बत्तीस जीव असतात, ते भटकायला निघून जातात, त्यांना हाका मारून परत आणायचं आणि दोऱ्याने बांधून ठेवायचं. म्हातारी नातवाच्या बारशालाच म्हणा ना, चालली होती. आणि त्या पूजेला उकडलेली कोंबडी लागते.

पक्याने खिशातून सगळे किप काढले. म्हातारीला वाटलं, याला खायची आहे. ती खूश झाली, पिशवीत हात घालून कोंबडीची तंगडी दाबून दाखवली, किती भरली आहे ते. तिला विकायची मात्र नव्हती. पुढच्या वाळूवर ती उतरली. पक्या त्या रात्री लाडूसुद्धा खाईना.

रात्रीचा मुक्काम पाकबेंगला. पाक म्हणजे मुख, बेंग नदी जिथे मेकाँगला मिळते ते गाव. चढ असा की आपल्या घरामागची घाटी त्यापुढे अंगण. तिथे भारतीय जेवणाचं हॉटेल निघालं, डाळ मिळाली, पक्या रडायचाच बाकी होता. बाकी गावाबद्दल सांगण्यासारखं नाही, नऊ वाजता आम्ही आडवे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी बोट वेगळी, नावाडी वेगळा, त्याचं कुटुंब बोटीतच मागच्या बाजूला राहणारं. सकाळी धुकं एवढं दाट की काठ दिसेना. आईने दिलेली कानटोपी मी घातली, जिला मी निघताना हसलो होतो. दुपारी मात्र इंजिनचा आवाज बदलला. आधी खोकला, मग धाप, मग काहीच नाही. बोट आडवी होऊन हळूहळू कातळांकडे सरकायला लागली. आई, थांब, मी हे पत्र घरी बसून लिहितोय. पोऱ्याने लांब बांबू लावून बोट वाळूकडे ढकलली, दोर टाकून बांधली. एकूण पाच मिनिटांचा खेळ.

आणि तेवढ्यात शिऱ्या उभा राहून सगळ्या बोटीला ऐकू जाईल असं ओरडला, 'ही इज इंजिनिअर!'

बाबा, मी एकवीस वर्षांत स्लाइड सोडून काही दुरुस्त केलेलं नाही. पण पन्नास माणसं वळून बघत असताना हे सांगता येत नाही. गेलो मागे. ट्रकचं इंजिन, शेजारीच चूल, चुलीवर नावाड्याच्या बायकोचं सूप, वर दोरीवर लहान मुलाचे कपडे. नावाड्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याला लगेच कळलं. त्याने पाना स्वतःकडे ठेवला आणि माझ्या हातात बॅटरी दिली.

डिझेलच्या लाइनला एअर आली होती, म्हणजे नळीत हवा शिरली होती. एवढं मलाही कळलं, कारण घरी आणलेल्या प्रत्येक इंजिनाची एअर तुम्ही माझ्यासमोर काढलीत. त्याने नट सैल केला आणि अंगठ्याने पंप मारायला लागला. आधी फेस आला. माझं लक्ष चुलीवरच्या सुपाकडे गेलं असावं, कारण तो काहीतरी खेकसला. मला लाओ भाषेचे दोन शब्द येतात, नमस्कार आणि आभार. पण हे वाक्य मला अख्खं कळलं. 'तुझं तोंड जिकडे तिकडे नको, माझा हात जिकडे तिकडे बॅटरी धर.' पडवीतल्या चिखलात उकिडवा बसून हे मी शंभर वेळा ऐकलेलं आहे, रडत रडतही ऐकलेलं आहे. मी बॅटरी त्याच्या बोटांवर आणली आणि हलवली नाही. फेसाचे बुडबुडे झाले, बुडबुडे विरळ झाले, मग स्वच्छ डिझेलची धार आली. त्याने नट आवळला. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं.

त्याने डिझेलचा हात बनियनला पुसला आणि उरलेला माझ्या गालाला. पुढे येऊन बसलो तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फक्त बॅटरी धरली होती हे मी कुणाला सांगितलं नाही. नीट धरली होती.

पुढचं थोडक्यात. लुआंग प्रबांगच्या अलीकडे नदीवर मोठ्या धरणाचं काम चालू आहे. पोफळीहून कोयनेचं पाणी वाशिष्ठीत आल्यावर नदी कशी बदलली ते तुम्ही सांगायचात, ते आठवलं. मग पाक ऊ, तिथे कड्यातल्या गुहांत लोकांनी आणून ठेवलेल्या हजारो बुद्धमूर्ती आहेत. बोट थांबली नाही, लांबूनच हात जोडले. बोट शहराच्या बरीच बाहेर उतरवते, तिथे रिक्षावाले टपून असतात आणि मन्याच्या तक्त्यात त्यांना जागा नव्हती. आई, तिकडेही रामायण आहे, पण नाव 'फ्रा लाक फ्रा लाम'. आधी लक्ष्मण, मग राम. काका ऐकून खूश होईल, त्याला सांग.

बाबा, इंजिन सुरू झाल्यावर मी त्याचा आवाज मोबाईलवर धरून ठेवला आहे. मला त्यात मधूनच एक ठोका वेगळा वाटतो. नावाड्याला विचारायला भाषा नव्हती. तुम्हाला पाठवतो, पण फोनच्या स्पीकरवर तो कळणार नाही. यंत्र कानात घालून ऐका आणि काय ते कळवा.

मे महिन्यात गाडी घेऊन येतोय. मावशीकडे जायचंच आहे, त्या फोटोबद्दल तिच्याशी बोलायचं आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बाबांनी तुला दाभोळच्या तरीत बसवलं, ती हलली, आणि तेव्हापासून तू चिपळूण-खेडवरून शंभर किलोमीटर फिरून दापोलीला जातेस. या वेळीही तसंच जाऊ, माझी काही हरकत नाही. धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीत आता गाडीतच बसून राहता येतं, काचा वर करून. हे आपलं माहितीसाठी.

दोघांनी तब्येतीला जपा. बाबा, गोळ्या.

तुमचा,
बाळू

ता. क. : आई, तू डब्याचं विचारशील म्हणून आधीच सांगतो. लाडवांचा डबा परत आलेला नाही. नावाड्याच्या बायकोने सूप दिलं, तिला रिकाम्या हाताने वाटी कशी परत करणार, म्हणून उरलेले लाडू डब्यासकट दिले. तिने चाटून बघितलं आणि मुलाला बोलावलं. झाकणावर कोरलेलं तिने बोट फिरवून विचारलं. मी वाचून दाखवलं : 'सौ. सुमन, हळदीकुंकू, १९९४.' तिने तीनदा म्हणून पाठ केलं. आता तो डबा हुआय साय ते लुआंग प्रबांग जा-ये करतोय.