बक्षिसाच्या बातमीत सरांचं नाव काऊन नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची बातमी वाचली. आमच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या लोकवाद्यवृंदाला बक्षीस भेटलं, फोटोही झकास आलाय, प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष, पाहुणे सगळ्यांची नावं आहेत, पोट्ट्यांचीही आहेत. ज्यांनी हे सगळं बसवलं त्या सरांचं तेवढं नाही. फोटोत ते आहेत, अगदी कडेला, पेटी सांभाळत.

मी त्यांचाच जुना विद्यार्थी, आता कृषी केंद्र चालवतो, वाजवणं फक्त गणपतीपुरतं उरलं. लोकांना वाटते बारा पोट्ट्यांच्या हातात वाद्यं दिली की झालं. तसं नसते ना भाऊ. आमच्यात सनईवाला लग्नाच्या वाजंत्र्यातला, खंजिरीवाला भजन मंडळाचा, दर वर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जाणारा, तो आपली चाल सोडायले तयार नाही, आणि मी डफड्यावर, मला एकच येत होतं, जोरात वाजवणं. सनईचा सा जिथं लागेल तिथंच सर पेटीवर सा धरायचे आणि बाकीच्यांनी गुपचूप त्यात यायचं. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, मग इशारा द्यायचा कशानं? हनुवटी वर गेली की सनई, भुवई उडाली की संबळ बंद. मी चुकलो की म्हणत, "काऊन बे, तुले वाजवाचं हाय का गाव जागवाचं हाय? आधी सनई आयक, मंग वाजव."

प्रॅक्टिस रात्री, कारण दिवसा अर्धे पोट्टे वावरात कापूस वेचायले. दव पडलं की डफड्याचं चामडं ढिलं पडते, मग सायकल स्टँडच्या मागं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून शेकायचं, कमी शेकलं तर भद्द वाजते, जास्त झालं तर फाटते. सर पेटीवरून न उठता नुसती टिचकी ऐकून सांगायचे, अजून थोडं. एकदा मी त्यांचं न ऐकता शेकत बसलो आणि ऐन जायच्या आदल्या रात्री डफडं फाडलं, ते दुसरं मागून आणायले सरच कोणाच्या तरी मोटरसायकलवर गेले.

एकोणीस वर्षं झाली, सर अजून सीएचबीवरच, म्हणजे तासाप्रमाणे नेमलेले, कायम नाहीत. पैसे तासिकेचे, रात्रीच्या प्रॅक्टिसची तासिका कोण मांडते?

आमच्याकडं कंडक्टर म्हटलं की एसटीचाच आठवते. ऑर्केस्ट्रापुढं उभं राहून इशाऱ्यानं वाजवून घेणारा, तोही कंडक्टरच. त्यातले झुबिन मेहता तरी ऐकून माहीत असतात, पण त्यांचे वडील मेहली मेहता? मुंबईचा माणूस, 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, मग मँचेस्टरला हॅले ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं आणि 1964 मध्ये, पंचावन्नी ओलांडल्यावर, म्हणजे आपल्याकडं पेन्शनचे कागद गोळा करायच्या वयात, लॉस एंजेलिसला यूसीएलए विद्यापीठात पोरांचा ऑर्केस्ट्रा हाती घेतला, तो 1976 पर्यंत. 1964 सालीच तिथं तरुणांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनी काढला, तो तर 1998 पर्यंत चालवला, तोवर नव्वदीला टेकले होते. 2002 मध्ये गेले. आता त्या ऑर्केस्ट्राची आणि आमच्या डफड्याची बरोबरी मी करत नाही, वाद्यं वेगळी, पगाराचं तर बोलूच नका, पण तिथं पोरांपुढं कोण उभं होतं हे आज साठ वर्षांनी मला दारव्ह्यात बसून कळते आणि इथं मागच्या आठवड्यातल्या बातमीत कळत नाही.

म्हणून एवढंच, पुढच्या खेपेला वार्ताहराले सांगा, नावं घेताना बसवलं कोणी हेही विचारत जा म्हणा. सरांचं नाव मी या पत्रातच लिहिणार होतो. फोन केला तर म्हणाले, राहू दे बाबू, जूनमध्ये परत इंटरव्ह्यू आहे.

आपला रोजचा वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ