मधल्या दाराची काच

ग्वाल्हेर, १२ जानेवारी २०२६

चि. अद्वैत,
अनेक आशीर्वाद.

झेलम वेळेवर पोचली, हे आजीला आलेल्या मेसेजवरून कळलं. मला वेगळा पाठवला नाहीस, असू दे. हात कसा आहे, एवढंच विचारते आणि विषय सोडते.

मधल्या दाराला बाबांनी पुठ्ठा लावलाय. काचवाला संक्रांतीनंतर येतो म्हणाला.

रात्री सव्वादोनला, मित्रांबरोबर तुझा तो बंदुकांचा ऑनलाइन खेळ चालू असताना, मी न सांगता राउटर बंद करायला नको होता. चूक माझी. पण काचेवर मूठ मारल्यावर, लादीवर रक्त ठिबकत असताना, तू आधी मोबाइलचा डेटा चालू केलास आणि मित्रांना ‘नेट गेलं होतं रे’ म्हणालास. हात मग पाहिलास. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

टाके डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच काढ. परीक्षा नाही, प्रॅक्टिकल नाही, काही सबब नको.

आपल्या गावात बंदूक म्हणजे काही पडद्यावरची गोष्ट नाही. आमच्या बँकेत माणसं खांद्यावर दुनळी अडकवून पासबुक भरायला येतात. राजूच्या वरातीत कुणीतरी हवेत बार काढला तेव्हा तू चार वर्षांचा होतास. माझ्या शालूत तोंड खुपसून बसलास, जेवलाही नाहीस. आणि तीनच वर्षांनी मेळ्यात छर्ऱ्याच्या बंदुकीनं बारातले अकरा फुगे फोडलेस! दस्ता बाबांनी धरला होता, नेम तुझा. मी महिनाभर बँकेत सगळ्यांना सांगत होते. तू मात्र उरलेल्या एका फुग्यासाठी घरापर्यंत रडलास.

सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झालं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. पुढच्या वर्षी तेच बीजीएमआय होऊन आलं. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, शिवाय पालकांचा ओटीपी. तो तू आजीच्या फोनवर घेतलास. ‘त्यानं आकडे विचारले, मी वाचून दाखवले,’ इति आजी.

मीही वाचलंय थोडं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला. पण खेळ आवरेनासा झाला, बाकी सगळं मागे पडलं आणि हे सहसा वर्षभर चाललं, तरच तो विकार. तुझं तसं नाही. तिसऱ्या सेमलाही नऊच्या वर आहेस. हिंसाचाराचं खापर या खेळांवर फोडायला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये म्हटलं, हे तूच मला ऐकवलं होतंस. मी ते शोधून वाचलं. ओरडणं, ढकलणं असल्या आक्रमकपणाशी मात्र लहानसा, पण खात्रीचा संबंध दिसतो, असंही त्यातच लिहिलंय. ते तू वाचलं नव्हतंस, की मला सांगितलं नाहीस? आणि काच फोडणं त्यात धरायचं का? एवढ्या हुशार मुलाला हे कळू नये? उद्या नोकरीत साहेब काही बोलला तर...

झालं माझं भाषण सुरू. माफ कर.

खरं सांगू? आमटी खारट झाली म्हणून तुझ्या आजोबांनी भिंतीवर भिरकावलेल्या ताटाला अजून पोचा आहे. माझ्या लग्नाआधीची गोष्ट, घरात साधा फोनही नव्हता तेव्हा. परवा ते ताट पुसताना आजी म्हणाली, ‘हात त्यांचाच आलाय.’ मी काही बोलले नाही. खेळामुळे होत असेल तर निदान राउटर बंद करता येतो.

खेळू नकोस म्हणत नाही. एकला झोपलास तरी चालेल. साडेबाराला झोपलास तर फारच बरं.

बॅगेच्या तळाशी मोरेन्याच्या गजकचे दोन डबे आहेत. एक खोलीतल्या पोरांना दे.

आणि हाताचा फोटो पाठव. पट्टी काढून, मूठ वळलेली.

तुझी,
आई